वादळाला नाव देण्याआधी

रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत पृथ्वीजवळून घातक वैश्विक किरण जाणार आहेत, तेव्हा मोबाइल बंद करून अंगापासून लांब ठेवा, अशा आशयाचा निरोप गेली अनेक वर्षे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. कधी त्याला नासाचा हवाला असतो, कधी बीबीसीचा. वर्ष बदलते, निरोप तोच राहतो आणि लोक तितक्याच काळजीने तो पुढे पाठवत राहतात. त्यात तथ्य काहीच नाही. पण १० मे २०२४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला खरोखरच धक्का बसला, आणि तो गेल्या वीस वर्षांतला सर्वांत मोठा ठरला. लडाखमधल्या हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी तांबूस ध्रुवीय प्रकाश टिपला. अमेरिकेत ऐन पेरणीच्या हंगामात उपग्रहांच्या आधाराने चालणारे ट्रॅक्टर शेतात खोळंबले. आपल्याकडे मात्र बहुतेकांच्या कानावर ‘सौरवादळ’ एवढा एकच शब्द आला. ते किती मोठे, आपल्या डोक्यावर त्याचे काय झाले, कशाला त्रास होऊ शकतो, यातले काही कळले नाही.

त्याच वर्षी २१ मार्चला आणि १० जुलैला हिंगोली, नांदेड, परभणीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के बसले. दोन्हींची तीव्रता ४.५ होती. तेव्हा सकाळी पारावरचा पहिला प्रश्न होता, ‘किती रिश्टरचा?’ किल्लारीनंतरच्या तीस वर्षांत मराठवाड्यातल्या माणसाला भूकंपाचा आकडा वाचता येऊ लागला आहे. साडेचार म्हणजे भांडी वाजतील, भिंतीला तडा जाईल, पण गाव पडणार नाही, हे त्याला ठाऊक असते. आकडा कळला की भीती आवाक्यात येते. चुंबकीय वादळांबाबत आपल्याकडे ही सोय नाही. एका बाजूला साडेबारा ते साडेतीनची अफवा, दुसऱ्या बाजूला शास्त्रज्ञांचे अगम्य निर्देशांक, मधली जागा रिकामी.

ही जागा भरण्याचे काम हिंगोली जिल्ह्यापासून सुरू करता येईल, असे माझे म्हणणे आहे. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा होऊ घातली आहे. चुंबकीय गडबड ओळखणे आणि तिचे प्रकार पाडणे ही तिथली रोजची गरज असणार आहे. मात्र वर्गीकरण असो की भाकीत, दोन्हींच्या आधी लागते ती अखंड, प्रामाणिक नोंद. महाराष्ट्राला याचा १८० वर्षांहून जुना अनुभव आहे आणि आपण तो विसरत चाललो आहोत.

वादळ म्हणजे नेमके काय?

सूर्यावरून सतत विद्युतभारित कणांचा वारा सुटलेला असतो. अधूनमधून सूर्याच्या वातावरणातून अब्जावधी टनांचा एखादा लोट बाहेर फेकला जातो. तो पृथ्वीच्या दिशेने आला, तर साधारण एक ते तीन दिवसांत पोहोचतो. या लोटासोबत सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही येते. त्याची दिशा उत्तरेकडे असली, तर पृथ्वीचे चुंबकीय कवच बराचसा मारा परतवून लावते. दिशा दक्षिणेकडे असली, तर दोन्ही क्षेत्रे एकमेकांत गुंततात, कवचाचे दार उघडते आणि ऊर्जा आत शिरते. मग पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर विद्युतप्रवाहाचे एक कडे बळावते. या कड्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असते. त्यामुळे विषुववृत्ताकडच्या प्रदेशात जमिनीवरचे क्षेत्र काही तास थोडे घटते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत हळूहळू पूर्ववत होते. ही घट म्हणजे वादळाची खूण.

ती मोजायचे एकक नॅनोटेस्ला. महाराष्ट्रात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लांच्या थोडे वर असते. मे २०२४ च्या वादळात जागतिक निर्देशांक सुमारे ४०० नॅनोटेस्लांनी खाली गेला. म्हणजे घट एक टक्क्याच्या आसपास.

आरोग्याच्या दृष्टीने हा आकडा ध्यानात ठेवावा. रुग्णालयातल्या नेहमीच्या एमआरआय यंत्राचे क्षेत्र १.५ टेस्ला, म्हणजे १५० कोटी नॅनोटेस्ला असते. त्यात अर्धा तास पडून माणूस घरी जातो. तिथे चारशेच्या चढउताराने अंगाला काही होईल, ही भीती निराधार आहे. चुंबकीय वादळे आणि हृदयविकार यांचे नाते आकडेवारीतून सुचवणारे काही अभ्यास आहेत, पण त्यामागची कारणांची साखळी कुणी सिद्ध केलेली नाही. किरणोत्साराची काळजी घ्यावी लागते ती अंतराळवीरांना आणि ध्रुवीय मार्गाने जाणाऱ्या विमानांना. जमिनीवरच्या माणसाला वातावरणाची जाड दुलई पुरेशी आहे. मोबाइल उशाशी ठेवू नये हे खरे, पण त्याचे कारण झोपमोड हे आहे.

वादळाचा खरा त्रास होतो तो आपण उभारलेल्या यंत्रणांना. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीजवाहिन्यांची साखळी दीड मिनिटात कोसळली आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीत प्रवाह उठले होते. ते लांबलचक वाहिन्यांतून मोठमोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरले, एवढेच कारण.

मोजपट्टी कुणाची?

वादळांचे वर्गीकरण करायला दोन मोजपट्ट्या जगभर चालतात. पहिली केपी निर्देशांकाची. युलिउस बार्टेल्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये सहकाऱ्यांसह तिचा पाया घातला. दर तीन तासांत चुंबकीय क्षेत्र किती हेलकावले, ते पाहून शून्य ते नऊ असा आकडा द्यायचा. बातम्यांत येणारे ‘जी-१’ ते ‘जी-५’ हे दर्जे याच आकड्यांवरून ठरतात. केपी ५ म्हणजे जी-१, केपी ९ म्हणजे जी-५. पण हा आकडा निघतो १३ वेधशाळांवरून, आणि त्या सगळ्या मध्यम अक्षांशांवर आहेत. त्यात भारतातली एकही नाही. म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याजवळच्या देशांना काय जाणवेल, हे ही पट्टी चांगले सांगते. आपल्याविषयी ती फारसे बोलत नाही.

दुसरी पट्टी डीएसटी निर्देशांकाची. आधी सांगितलेली कड्यामुळे होणारी घट ती मोजते. उणे ५० च्या खाली गेले की मध्यम वादळ, उणे १०० च्या खाली तीव्र, उणे २५० च्या खाली महावादळ, अशी सर्वसाधारण विभागणी अभ्यासक वापरतात. ही पट्टी आपल्याला जवळची, कारण ती कमी अक्षांशांवर मोजली जाते. पण तिच्या वेधशाळा चार: होनोलुलू, सान हुआन, दक्षिण आफ्रिकेतले हर्मानस आणि जपानमधले काकिओका. हर्मानस ते काकिओका यांच्या मधल्या सुमारे १२० रेखांशांत एकही वेधशाळा नाही. भारत नेमका या फटीत येतो. वादळाचे कडे सगळीकडे सारखे नसते. संध्याकाळच्या बाजूला ते अधिक जाड असते. त्यामुळे चौघांची सरासरी काढली की मराठवाड्यातल्या सायंकाळी काय घडले, ते पुसले जाते. मिनिटागणिक निघणाऱ्या सिम-एच या भावंड निर्देशांकात अलिबागची नोंद वापरतात, हा त्यातल्या त्यात दिलासा.

आकडा लहान म्हणून नुकसान लहान, असेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्स कंपनीने स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले. त्यानंतर आलेले वादळ दर्जाने किरकोळच होते. पण त्याने वरचे वातावरण तापून फुगले, खालच्या कक्षेतल्या नव्या उपग्रहांना हवेचा अडथळा वाढला आणि चाळीसच्या आसपास उपग्रह परत वातावरणात येऊन जळाले. चुंबकीय क्षेत्र किती हलले, हे दर्जा सांगतो. कुणाचे किती बिघडेल, हे त्या-त्या यंत्रणेवर ठरते. भूकंपाची तीव्रता आणि पडझड यांत जो फरक, तोच इथे.

भारताची गोष्ट तर आणखी निराळी आहे. देशाच्या दक्षिण टोकावरून, थुंबा-तिरुनेलवेलीच्या वरून, दिवसा विषुववृत्तीय विद्युतप्रवाहाचा एक अरुंद झोत वाहतो. सूर्यास्तानंतर आपल्या डोक्यावरच्या आयनांबरात विरळ कणांचे मोठाले बुडबुडे उठतात आणि उपग्रहांचे संदेश त्यांतून जाताना लुकलुकतात. हे बुडबुडे वादळ नसतानाही येतात. वादळ आले की कधी ते वाढतात, तर कधी चक्क दबतात. ‘जी-४’ असे वाचून हिंगोलीतल्या कुणाला यातले काय कळणार?

आणि कळायला तर हवे. भूमी अभिलेख खात्याची मोजणी आता साखळीऐवजी रोव्हरने होते. रोव्हर उपग्रहांचे संदेश घेऊन सेंटिमीटरच्या हिशेबात बांध दाखवतो. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली. सोयाबीनवर, हळदीवर फवारणी करणारे ड्रोन शेतात दिसू लागले आहेत. मोजणी दिवसा होते म्हणून सायंकाळच्या बुडबुड्यांचा त्रास बहुधा टळतो. पण दिवसा आलेल्या मोठ्या वादळात आयनांबर झपाट्याने बदलते आणि रोव्हरला जागा पक्की करायला वेळ लागतो किंवा ती पक्की होतच नाही. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात तिथे ‘आज मोजणी नको, उद्या करू’ एवढे सांगणारी सूचनाही मोलाची आहे.

कुलाब्याची वही

ही सूचना कुठून येणार? नोंदीतून. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली, ती बंदराची वेळ सांभाळण्यासाठी. १८४१ पासून तिथे चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली आणि १८४६ पासूनची तर तासातासाची अखंड मालिका आहे. दोऱ्याला टांगलेला चुंबक, त्यावर दुर्बीण रोखून वाचायचा आकडा आणि वही. हे काम दिवसरात्र, पावसाळ्या-उन्हाळ्यात चालू राहिले. या आकड्यांचा उपयोग काय, हे तेव्हा नीट कुणालाच ठाऊक नव्हते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यावरच्या डागांजवळ लख्ख प्रकाश चमकलेला पाहिला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आदळले. तारायंत्रे बिघडली, काही ठिकाणी कार्यालयांत ठिणग्या उडाल्या. युरोपातल्या वेधशाळांत छायाचित्र-कागदावर नोंद होत असे. तिथली रेषा कागदाबाहेर गेली आणि वादळाचा शेंडा हरवला. कुलाब्यात माणूस डोळ्याने वाचत होता. गडबड दिसताच तिथल्या निरीक्षकांनी तासाची वाट न पाहता पंधरा मिनिटांनी, मग पाच-पाच मिनिटांनी आकडे टिपले. वादळाचा सगळा उतार त्या वहीत उतरला.

ती वही जवळजवळ दीड शतकाने बोलली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी व वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह ते आकडे तपासून प्रसिद्ध केले. क्षेत्राची घट होती सुमारे १,६०० नॅनोटेस्ला, म्हणजे मे २०२४ च्या चौपट. पुढे इतर अभ्यासकांनी तासाची सरासरी घेतली, तेव्हा आकडा जवळपास निम्मा आला आणि शिखराची ही घट कड्यामुळे किती, इतर प्रवाहांमुळे किती, यावर वाद झाला. तो वाद होऊ शकला, कारण मूळ आकडे जसेच्या तसे उपलब्ध होते. त्या निरीक्षकांनी वहीत आकड्याऐवजी ‘भयंकर वादळ’ असा शेरा मारून ठेवला असता, तर आज जगाच्या हाती काहीच नसते.

याच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस. १८९६ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. मुंबईत विजेवरची ट्राम येणार हे दिसू लागताच त्यांनी ओळखले की, तिच्या प्रवाहाने कुलाब्याच्या नोंदी नासणार. जागा बदलायचे ठरले आणि समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा बांधली गेली. लोखंडाचा अंश टाळण्यासाठी पोरबंदरचा दगड आणला. ती १९०४ मध्ये सुरू झाली. मूस यांनी कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका आणि नवी मालिका यांचा सांधा बिनचूक जुळेल. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये. गडबड सुरू होण्याआधी शांततेची नोंद हाती होती. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या ६० वर्षांची आकडेवारी दोन खंडांत छापली. अनेक वादळे एकावर एक ठेवून त्यांची सरासरी घेतली, की प्रत्येकाच्या चढउतारात एक सामाईक आकार दिसतो, हे त्यात दाखवले होते. वादळांच्या वर्गीकरणाचा हा आरंभीचा धडा मुंबईत लिहिला गेला. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. तिचा कारभार पाहणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे.

यंत्राला काय शिकवायचे?

आज वादळाचे भाकीत संगणकावर होते. १९७५ मध्ये बर्टन, मॅकफेरॉन आणि रसेल या तिघांनी एक साधे प्रारूप दिले. गळक्या रांजणासारखे ते समजावे. सौरवाऱ्याचे दक्षिणमुखी क्षेत्र वरून पाणी ओतते, रांजण खालून झिरपत राहतो आणि कोणत्याही क्षणी पातळी किती, ते या दोहोंच्या हिशेबावर ठरते. इतके सोपे असूनही ते आजही बऱ्यापैकी चालते. त्यानंतर भौतिकीची अवघड समीकरणे सोडवणारी प्रारूपे आली आणि आता आकड्यांवरून स्वतः शिकणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आली आहेत.

या यंत्रांबद्दल ऐकताना वाचकाने एक साधी शंका जरूर विचारावी. समजा, वर्षातले दहाच दिवस मोठ्या गडबडीचे असतात. मग ‘आज काही होणार नाही’ असे रोज डोळे झाकून छापणारे यंत्र ९७ टक्के वेळा बरोबर ठरेल आणि ज्या दहा दिवसांसाठी ते आणले, त्या दहाही दिवशी चुकेल. म्हणून भाकिताची एकूण अचूकता सांगणे पुरेसे नाही. किती वादळे हुकली आणि किती वेळा उगाच आरडाओरडा झाला, हे दोन आकडे वेगळे मागायला हवेत. डीएसटीची मालिका १९५७ पासूनची आहे. तेव्हापासून उणे ४०० च्या खाली गेलेली वादळे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. एवढ्या उदाहरणांवरून कोणतेही यंत्र महावादळ शिकू शकत नाही. त्याला मागच्या शतकातल्या वह्या वाचायला द्याव्या लागतात.

दुसरी मर्यादा निसर्गानेच घातली आहे. येणाऱ्या लोटातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे आहे की उत्तरेकडे, हे तो पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी पोहोचेपर्यंत खात्रीने कळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी तिथे पोहोचलेले आपले आदित्य-एल१ यान चुंबकमापक घेऊन तेच पाहते. तिथून इशारा मिळतो तो साधारण अर्धा ते एक तास आधी. लोट जितका वेगवान तितकी सवड कमी. म्हणून तीन दिवस आधी ‘महावादळ येतेय’ असे छातीठोक सांगणाऱ्या बातमीवर जपूनच विश्वास ठेवावा.

औंढ्याचा माळ

आता हिंगोलीकडे वळू. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली. तिची घोषणा झाल्यानंतर आठवडाभरात, १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी मिळाली ६ एप्रिल २०२३ रोजी, खर्च २,६०० कोटी रुपये. औंढा नागनाथ परिसराची निवड झाली ती प्रामुख्याने तिथल्या जमिनीच्या शांततेमुळे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, टोकाला आरसे आणि त्यांच्यामध्ये लेसर. मोजायचे अंतर प्रोटॉनच्या व्यासाहूनही हजारो पटींनी बारीक.

इतक्या नाजूक यंत्राला चुंबकीय गडबडही ऐकू येते. आरसे टांगलेल्या जोडणीत छोटे चुंबक असतात, तारा आणि विद्युतमंडले तर सर्वत्र. एक फरक इथे स्पष्ट करतो. सूर्यामुळे येणारे वादळ तासांच्या गतीने चढते-उतरते, तर लायगो ऐकते ते सेकंदाला दहा आणि त्याहून जास्त कंपने. त्यामुळे सौरवादळ आले म्हणून हे यंत्र काही बंद पडणार नाही. त्याला छळतात ते वेगवान चुंबकीय स्पंद: आपल्या वीजवाहिन्यांची ५० कंपनांची गुणगुण आणि विजांचे कडाडणे.

त्यातली विजांची गोष्ट फार रोचक आहे. जगभर सतत कुठे ना कुठे विजा पडत असतात. त्यांचे स्पंद जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीत घुमतात आणि पृथ्वीभर एक मंद सूर धरतात. सेकंदाला सुमारे ७.८, १४, २० अशा कंपनांचा हा सूर शूमान अनुनाद म्हणून ओळखला जातो. लायगोची सगळी भिस्त अशी, की दूरदूरच्या दोन वेधशाळांना एकाच वेळी जे ऐकू येईल, ते आकाशातून आलेले. शूमान अनुनाद नेमका या गृहीतकाला छेद देतो. तो अमेरिकेत ऐकू येतो तसाच हिंगोलीतही येणार. विश्वाच्या सर्व दिशांनी येणारी गुरुत्वीय लहरींची अंधुक पार्श्वभूमी शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना ही मोठी अडचण वाटते. उपाय एकच, वेधशाळेजवळ शांत जागी संवेदनशील चुंबकमापक ठेवायचे आणि यंत्रातला चुंबकीय हिस्सा ओळखून वजा करायचा.

ओळखण्याचे हे काम माणसांचे सुद्धा आहे. लायगोच्या नोंदींत उमटणाऱ्या खोट्या खुणांचे प्रकार पाडण्यासाठी २०१६ मध्ये ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ हा उपक्रम सुरू झाला. घरी बसलेले स्वयंसेवक चित्रे पाहून ‘ही शिट्टी’, ‘ही वीजवाहिनी’, ‘हा कोई मासा’ असे गट लावतात आणि त्यावरून संगणक शिकतो. शास्त्रज्ञांच्या यादीत नसलेले काही नवे प्रकारही या हौशी लोकांनी शोधले आहेत. मूस यांनी वादळे एकावर एक ठेवून आकार शोधला, तेच हे काम, फक्त वही बदलली.

काय करायला हवे?

पहिली गोष्ट, औंढ्याच्या परिसरातली चुंबकीय नोंद इमारती उभ्या राहण्याआधीपासूनची, अखंड आणि खुली असावी. बांधकाम सुरू झाले, उपकेंद्र आले, वाहने धावू लागली की शांततेचा मूळ नमुना परत मिळत नाही. मूस यांनी ट्राम येण्याआधी दोन वर्षे दुहेरी नोंद घेतली, हा आदर्श समोर आहे. शिवाय हिंगोली हे अलिबाग आणि नागपूर या दोन चुंबकीय वेधशाळांच्या मधले ठिकाण आहे. तिथली नोंद लायगोला जितकी उपयोगी, तितकीच अवकाशातले हवामान अभ्यासणाऱ्यांनाही. २,६०० कोटींच्या प्रकल्पात काही चुंबकमापकांचा खर्च नगण्य आहे.

दुसरी गोष्ट, आपल्या अक्षांशाची मोजपट्टी. भारतातल्या नोंदींवरून रोज निघणारा, भारताच्या वेळेनुसार सांगितलेला दर्जा हवा आणि त्यासोबत साध्या मराठीत चार ओळी: रोव्हरची मोजणी, ड्रोन, विमान वाहतूक, वीजवाहिन्या यांपैकी कुणी सावध राहायचे आणि कुणी नाही. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा अशाच रीतीने देते. चुंबकीय वादळाचा इशारा त्या शेजारी बसायला हरकत नाही. प्रत्येक वर्षअखेरीस किती इशारे बरोबर ठरले, किती हुकले, किती फुकट गेले, तेही जाहीर व्हावे.

तिसरी गोष्ट हिंगोलीतल्या मुलांची. प्रकल्पाने जिल्ह्याला काय दिले, याचे उत्तर नुसते कुंपण आणि चौकीदाराच्या नोकऱ्या असे असू नये. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत एकेक साधा चुंबकमापक बसवता येतो. त्याच्या आलेखावरून शांत दिवस, वादळाचा दिवस, विजांची संध्याकाळ आणि शेजारून गेलेला ट्रॅक्टर वेगळे ओळखायला बी.एस्सी.ची मुले आठवडाभरात शिकतील. वर्गीकरणाचे असे उपक्रम मराठीतून चालवणेही अवघड नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आपण विषुववृत्ताजवळ आहोत, आपल्याला कसला धोका? धोका कॅनडापेक्षा पुष्कळ कमी आहे, हे मान्य. पण २००३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या वादळांनंतर दक्षिण आफ्रिकेसारख्या, ध्रुवापासून दूरच्या देशातही मोठे ट्रान्सफॉर्मर हळूहळू निकामी झाल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. आपल्याकडेही आता ७६५ किलोव्होल्टच्या लांबच लांब वाहिन्या आहेत. कमी धोका म्हणजे किती, हे सांगायला मोजमाप लागतेच. दुसरा आक्षेप, इशारे दिले की लोक उगाच घाबरतील. अनुभव उलटा आहे. भूकंपाचा आकडा मिळू लागल्यापासून पारावरची घबराट वाढलेली नाही, चर्चा शहाणी झाली आहे. जिथे आकडा पोहोचत नाही, तिथेच साडेबारा ते साडेतीनचा निरोप पोहोचतो.

सूर्याचे चक्र साधारण अकरा वर्षांचे असते आणि सध्याचे चक्र आता उताराला लागले आहे. उतारावरही मोठी वादळे येतात, त्यानंतर काही शांत वर्षे येतील. चुंबकमापक मांडायला, मालिका जुळवायला आणि माणसे शिकवायला हाच काळ योग्य. पुढचा उंचवटा येईल तेव्हा लायगो-इंडिया बहुधा कामाला लागलेली असेल. यंत्र नंतर विकत घेता येते, संगणकाचे प्रारूप नंतर सुधारता येते, वादळाचे नावही नंतर बदलता येते. आज न घेतलेली नोंद मात्र मागच्या तारखेने कुणालाच घेता येत नाही.